सुट्या भागांचा इतिहास : घोडबंदर रस्ता आणि जुन्या मोटारसायकलींचा जीर्णोद्धार

जुनी मोटारसायकल चालू करणे आणि जुनी मोटारसायकल मूळ रूपात आणणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि मराठीत त्यांच्यासाठी दोन वेगळे शब्दही आहेत. पहिल्या कामाला दुरुस्ती म्हणतात. तिथे वाहन रस्त्यावर परत आले की काम संपते, मग त्यासाठी दुसऱ्याच कंपनीचा कार्ब्युरेटर बसवावा लागो किंवा टाकीला हाती असेल तो रंग द्यावा लागो. दुसऱ्या कामाला, पडझड झालेल्या देवळाच्या संदर्भात रुळलेला जीर्णोद्धार हाच शब्द अधिक शोभतो, कारण तिथे कारखान्यातून बाहेर पडतानाचे रूप प्रमाण मानून प्रत्येक भाग त्या रूपाशी ताडून पाहिला जातो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींत हे दुसरे काम घरी, म्हणजे इमारतीखालच्या वाहनतळावर, बंद गॅलरीत किंवा बंगल्याच्या अंगणात केले जाते आणि त्याकडे सामान्यतः एक वैयक्तिक छंद म्हणून पाहिले जाते. परंतु ‘घरी’ या शब्दाने फसगत होते. घरी गाडी खोलली जाते आणि घरीच ती जोडली जाते. या दोन टोकांमधले निर्णायक काम मात्र परिसरातल्या लहान यंत्रशाळांत होते, आणि त्या यंत्रशाळांमागे आयातबंदीची टंचाई आणि ठाण्याची कारखानदारी यांचा सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे.

घोडबंदर हे नाव वसई खाडीच्या काठावरच्या बंदराचे असून तिथे अरबी घोडे उतरवले जात, अशी त्याची पारंपरिक उपपत्ती सांगितली जाते. पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेला तिथला किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. आज जो रस्ता या नावाने ओळखला जातो तो माजिवडा येथे मुंबई-आग्रा मार्गापासून निघून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा या गावांवरून गायमुखच्या चढणीला भिडतो आणि पुढे घोडबंदरजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी, अशा अरुंद पट्ट्यातून जाणारा हा रस्ता दोन मोठ्या महामार्गांना जोडत असल्यामुळे त्याच्यावर मालमोटारींचा राबता कायम राहिला. त्याचे दक्षिणेकडचे टोक ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात रुतलेले होते : पोखरण रस्त्यावरची रेमंडची लोकर गिरणी आणि व्होल्टास, कोळशेत-बाळकुमकडचे रासायनिक कारखाने आणि थोडे दक्षिणेला वागळे इस्टेट. या टोकाचा विचार केल्याशिवाय उत्तरेकडच्या नव्या वसाहतींतला छंद समजत नाही.

भारतात मोटारसायकल दीर्घकाळ परदेशातूनच येत असे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी आणलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा ब्रिटिश गाड्यांपैकी अनेक युद्धानंतर लिलावात निघाल्या आणि नागरी वापरात आल्या. त्या चालवणाऱ्यांसमोर लवकरच एक अडचण उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक नियंत्रण आले, १९५१च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने उत्पादनासाठी परवाना आवश्यक झाला, आणि केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना १९५३नंतर या देशातून काढता पाय घ्यावा लागला. धोरणाचा उद्देश देशी उद्योग उभारण्याचा होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. पण ज्याच्या दारात आधीच एखादी नॉर्टन उभी होती त्याला तिचा पिस्टन कुठून मिळावा, या प्रश्नाचे उत्तर धोरणात नव्हते. ते उत्तर मिस्त्रींनी दिले. दुसऱ्या वाहनाचा पिस्टन घासून बसवणे, झिजलेल्या दंडावर धातूचा थर चढवून तो पुन्हा मापात आणणे, तुटलेले दातेरी चाक नमुना म्हणून ठेवून नवे कापून घेणे, ही कौशल्ये त्या टंचाईने घडवली. पुढे जीर्णोद्धार नावाचा छंद जेव्हा आला, तेव्हा ही शिदोरी तयार होती.

देशी उत्पादनाची सुरुवात पन्नाशीच्या दशकात झाली. सीमेवरच्या गस्तीसाठी सैन्याने ३५० घन सेंटिमीटरच्या रॉयल एनफील्ड बुलेटची निवड केली आणि १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. त्यानंतर म्हैसूर येथे रुस्तम आणि फारूख इराणी यांनी आयडियल जावा हा कारखाना काढला, ज्यात १९६१पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याखाली २५० घन सेंटिमीटरच्या गाड्या बनू लागल्या. सत्तरीच्या दशकात परवान्याची मुदत संपल्यावर त्याच घडणीच्या गाड्यांना येझदी हे नाव मिळाले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत आणली. ठाण्याच्या अगदी शेजारी, भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात इटलीच्या लॅम्ब्रेटा स्कूटर बनत, आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज ऑटोच्या स्कूटर. १९७२पासून तिथे निघू लागलेल्या चेतकसाठी तर ग्राहकाला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ही प्रतीक्षायादी जीर्णोद्धाराच्या इतिहासात महत्त्वाची आहे. नवी गाडी सहज मिळत नसल्यामुळे जुनी गाडी टाकून देण्याचा विचारच कुटुंबाच्या मनात येत नसे, ती वडिलांकडून मुलाकडे जाई, आणि तीन-चार वेळा इंजिन उघडले गेलेली गाडी ही नामुष्कीची नव्हे तर नेहमीची गोष्ट होती. आज जीर्णोद्धारासाठी जे सांगाडे हाती लागतात ते त्या काळाने जपून ठेवले म्हणूनच.

इंजिन उघडण्याची विद्या गॅरेजात शिकता येते. मापात काम करण्याची विद्या मात्र कारखान्यात शिकावी लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या सर्वांत आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांपैकी एक होय. तिच्या आगेमागे कळव्यापासून बेलापूरपर्यंत, अंबरनाथ-डोंबिवलीत आणि पोखरण रस्त्यावर अभियांत्रिकी, वस्त्र, रसायन आणि औषध यांचे कारखाने दाटीने उभे राहिले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, म्हणजे बोलीभाषेतल्या आयटीआयमधून, फिटर, टर्नर, मशिनिस्ट असे व्यवसाय शिकलेली मुले १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली या कारखान्यांत उमेदवारी करत. फिटर म्हणजे भाग एकमेकांत अचूक बसवणारा, आणि टर्नर म्हणजे लेथवर, फिरत्या धातूला हत्यार लावून, तो गोलाईत कापणारा कारागीर. मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळावा अशी सवय त्यांच्या हाताला लागे. मोठ्या कारखान्याभोवती त्याला सुटे भाग पुरवणारे लहान उद्योजक गाळे घेऊन बसत. गाळा म्हणजे औद्योगिक इमारतीतली एक-दोन यंत्रे मावतील एवढी खोली. कारखान्यातून बाहेर पडलेल्या अनेक टर्नरांनी असे गाळे थाटले. कंपनीच्या मोठ्या कामांमधल्या रिकाम्या वेळात त्यांच्याकडे एखादा बुश, एखादा धुरा, एखाद्या झाकणाचे घासलेले आटे पुन्हा पाडण्याचे काम येई, आणि मोटारसायकलवाल्यांचा या गाळ्यांशी संबंध जुळला तो असा. ठाण्याच्या औद्योगिक इतिहासात या फुटकळ कामांची नोंद कुठेच सापडत नाही, कारण ती पावतीविना होत. तरीही शहराने कमावलेल्या कौशल्याचा तो फार मोलाचा वापर होता.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. जपानी कंपन्यांशी सहकार्य करून भारतीय उत्पादकांनी १०० घन सेंटिमीटरच्या हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आणल्या : इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १०० आणि आकुर्डीहून निघालेली कावासाकी बजाज, सगळ्या १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत. एस्कॉर्ट्सने १९८३ साली बाजारात आणलेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरची ताकदवान गाडी मात्र महाग आणि पेट्रोलला जड म्हणून विकली गेली नाही. आज तिच्यासाठी शौकीन जीव टाकतात. पुढे धुराचे निकष आले. दोन-ठोकी इंजिनात, म्हणजे पिस्टनच्या एका वरच्या आणि एका खालच्या फेरीत पूर्ण चक्र संपवणाऱ्या इंजिनात, पेट्रोलबरोबर वंगणही जळते आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, त्यामुळे कठोर होत जाणाऱ्या निकषांपुढे ते टिकणे अवघड होते. आरएक्स १००चे उत्पादन १९९६मध्ये थांबले, आणि म्हैसूरचा येझदीचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला. कंपनी बंद पडली की तिचे सुटे भाग एका दिवसात नाहीसे होत नाहीत. विक्रेत्यांच्या फळ्यांवर, गॅरेजांच्या पेट्यांत ते काही वर्षे पुरतात आणि मग भंगारात शोधावे लागतात. मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आणि चोरबाजार ही त्या शोधाची ठिकाणे बनली. भंगारवाल्याला लोखंडाच्या वजनाने पैसे मिळत असताना त्याने एखादा मडगार्ड वेगळा काढून टांगून ठेवला, तर तो केवळ विकण्यासाठी असतो हे खरे. पण आज ज्यांच्या गाड्या पूर्ण झाल्या आहेत त्यांना त्या टांगलेल्या मडगार्डाचे मोल ठाऊक आहे.

याच काळात ठाण्याचे कारखानेही मिटू लागले. जमिनीचे भाव, कामगारप्रश्न, जकात, शहराची वाढ अशी अनेक कारणे एकत्र आली आणि गिरण्या-कारखान्यांच्या भूखंडांवर निवासी संकुले उभी राहिली. रेमंडच्या गिरणीतले उत्पादन २००९ साली थांबले. मानपाड्यापासून पुढे भातशेती आणि आगरी-कोळी-आदिवासी पाडे यांच्या जागी पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारती आल्या. या स्थित्यंतरात एक विलक्षण धागा आहे. घोडबंदर रस्ता जिथून सुरू होतो त्या माजिवड्याला रुस्तमजी अर्बेनिया ही मोठी वसाहत उभी आहे, आणि ती उभारणारे बोमन इराणी हे म्हैसूरच्या आयडियल जावाच्या संस्थापक कुटुंबातले. महिंद्र समूहासह ज्या क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आणले तिच्या भागीदारांतही ते आहेत. मोटारसायकली बनवणारे कुटुंब घरे बांधू लागते आणि त्या घरांच्या परिसरातच जुन्या जावा पुन्हा जोडल्या जातात, यात कोणताही कार्यकारणभाव नसला तरी गेल्या अर्धशतकात भांडवल आणि माणसे कोणत्या दिशेने सरकली हे त्यातून एका नजरेत दिसते. नव्या वसाहतींत राहायला आलेल्या नोकरदारांकडे पैसा होता, रविवार होता आणि गावाकडच्या वाड्यात किंवा गिरणगावातल्या जुन्या घराच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली वडिलांची गाडी होती. दुरुस्तीचे जीर्णोद्धारात रूपांतर इथे झाले : जी गोष्ट आधीच्या पिढीने नाइलाजाने केली ती पुढच्या पिढीने आवडीने आणि काटेकोरपणे करायला घेतली.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ खोलण्याने होतो आणि जाणकार त्याला सर्वांत जास्त वेळ देतात. कोणता बोल्ट कोणत्या बाजूने घातला होता, वायर दांडीच्या कोणत्या अंगाने जात होती, कोणत्या भागाखाली पातळ चकती होती, हे खोलतानाच टिपून ठेवावे लागते, कारण चाळीस वर्षांच्या फुटकळ दुरुस्त्यांमुळे समोरच्या गाडीतले निम्मे भाग चुकीचे असण्याची शक्यता असते आणि ते ओळखण्याची संधी पुन्हा मिळत नाही. गंजून धरलेला बोल्ट जोर लावून तोडण्याऐवजी त्यावर पातळ तेल सोडून चार दिवस थांबणे हेच पुढे महिन्यांचे काम वाचवते. सुटलेले भाग धुण्यासाठी पूर्वी रॉकेलची परात असे. रेशनचे रॉकेल दुर्मिळ झाल्यापासून तिची जागा डिझेलने घेतली. टाकीच्या आतला गंज काढणे हे पूर्णपणे घरी होऊ शकणाऱ्या मोजक्या कामांपैकी एक. टाकीत लिंबूसत्त्वाचे म्हणजे सायट्रिक आम्लाचे पाणी भरून ठेवतात, हट्टी पापुद्रे सुटावेत म्हणून आत साखळीचा तुकडा टाकून टाकी हलवतात, आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून लगेच वाळवतात, कारण उघडे पडलेले ताजे लोखंड दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होते.

इंजिनाकडे वळले की घराची मर्यादा लगेच जाणवते. जावाच्या २५० घन सेंटिमीटरच्या इंजिनाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असते, यावरून आकारमान सुमारे २४९ घन सेंटिमीटर भरते. वापराने सिलिंडर गोल राहत नाही, पिस्टन ज्या बाजूला दाब देतो तिथे तो अंडाकृती झिजतो. मग ‘ब्लॉक बोअर करणे’ आवश्यक ठरते : सिलिंडर किंचित मोठ्या व्यासाला पुन्हा गोल कापायचा, आतून बारीक दगडाने घोटायचा आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवायचा. असे पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात, आणि प्रत्येक बोअरबरोबर सिलिंडरच्या आयुष्याची एक पायरी संपते. एक मिलिमीटरपर्यंत पोचलेला ब्लॉक हाती आला तर पुढे आतून नवी नळी ठोकून घेण्यावाचून गत्यंतर नसते. चांगला टर्नर पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करत नाही. पाकिटावर लिहिलेले माप आणि पिस्टनचे खरे माप यांत फरक असू शकतो, आणि दोहोंत ठेवायची मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. ती कमी राहिली तर तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो, ज्याला गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘जाम’ किंवा ‘सीज’ होणे म्हणतात, आणि जास्त राहिली तर पिस्टन खडखडतो.

क्रँकचे काम याहून नाजूक आहे. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीचे फिरत्या गतीत रूपांतर करणारा दंड. जुन्या एक-सिलिंडर गाड्यांत तो दोन जड चकत्या आणि त्यांच्यामधली पिन दाबून बसवून तयार केलेला असतो. पिनेवरचे बेअरिंग झिजले की दाबयंत्राने चकत्या वेगळ्या करायच्या, नवी पिन, नवे बेअरिंग घालायचे, पुन्हा दाबायचे आणि मग दोन टोकांवर तोलून, डायलच्या काट्याकडे पाहत, तांब्याच्या हातोडीने हलके ठोके देत दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या. हे काम करणारा माणूस पाहण्यासारखा असतो. काटा किती हलला यावरून ठोका कुठे आणि किती द्यायचा हे त्याचा हात ठरवतो आणि ते शिकवण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नसतात. दोन-ठोकी इंजिनात आणखी एक पथ्य आहे. क्रँकची पेटी ही तिथे केवळ आवरण नसते, तर मिश्रण आत ओढून सिलिंडरकडे ढकलणारा पंपच असते. म्हणून तिच्या ऑइल सीलमधून किंवा पॅकिंगमधून थोडी जरी हवा आत शिरली तरी मिश्रणातले पेट्रोल कमी पडते आणि इंजिन भलतेच तापते. कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा साफ करूनही गाडी नीट चालत नाही अशा तक्रारींमागे बहुधा पाच-पन्नास रुपयांचे एखादे सील असते.

बाह्यरूपाच्या कामात क्रोमचा मुलामा सर्वाधिक खर्चाचा. जावाच्या टाकीचे चकचकीत पत्रे, तिची दोन्ही बाजूंची सायलेन्सरे (इंजिन एक-सिलिंडरचे असूनही धुराला वाटा दोन), हँडल आणि रिमा यांवर हा मुलामा असतो. चमक क्रोमची वाटते, पण ती प्रत्यक्षात त्याखालच्या निकेलची असते. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याचे काम निकेलला काळवंडू न देण्याचे. म्हणून खालचा पत्रा किती घोटला गेला आणि निकेल किती जाड बसले यावरच सगळे अवलंबून असते. घोडबंदर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, भाईंदरकडे, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा धंदा मोठा असल्यामुळे धातू घोटण्याची, म्हणजे बफिंगची, परंपरा तिथे मुरलेली आहे. रंगकामात मात्र अलीकडे एक चुकीची आवड शिरली आहे. मूळ गाड्यांचा रंग साध्या एनॅमलचा, खोल पण मवाळ तकाकीचा होता, आणि टाकीवरच्या रेषा कारखान्यात हाताने ओढल्या जात. त्यावर आज मोटारींसाठीचा काचेसारखा पारदर्शक थर चढवला की गाडी नवी दिसते, पण तिच्या काळातली दिसत नाही. जीर्णोद्धाराचा निकष चकाकी हा नसून काळाशी इमान हा आहे, आणि मवाळ एनॅमल पसंत करणाऱ्या थोड्या लोकांची निवड अधिक योग्य म्हटली पाहिजे.

मूळपणाचा हा प्रश्न आता कायद्यातही आला आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे तपासणी करून ती दर ५ वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. हा कायदा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आल्यानंतर ठाण्याच्या गाड्यांना एमएच ०४ आणि कल्याणच्या गाड्यांना एमएच ०५ ही ओळख मिळाली. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरांच्या मालिकेतले क्रमांक असत आणि तो जुना क्रमांक टिकवून ठेवणे ही शौकिनांना अभिमानाची गोष्ट वाटते. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळे नियम केले : सांगाडा, बाह्यकाया आणि इंजिन यांत मोठा बदल नसलेल्या गाडीला २०,००० रुपये शुल्क भरून ‘व्हीए’ मालिकेतली १० वर्षांची नोंदणी मिळू शकते, पण ती प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. ज्या गाडीचा मूळ अर्थच रोज कामावर नेणे हा होता तिला नुसती शोभेची वस्तू करणे अनेकांना पटत नाही, आणि म्हणून ते साधी नोंदणी चालू ठेवण्याची खटपट करतात. इंजिन आणि सांगाड्यावर ठोकलेले क्रमांक नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकांशी जुळणे ही दोन्ही मार्गांची पहिली अट आहे. म्हणून गंज काढताना त्या आकड्यांवर घासकागदही लावू नये, असे जुने मिस्त्री बजावतात.

यंत्र मूळ रूपात आणता येते, पण त्याचे इंधन मूळ रूपात मिळत नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात २०००च्या आरंभी पूर्ण बंद झाले; शिशाचा पातळ लेप चार-ठोकी इंजिनातल्या झडपांच्या बैठकींचे रक्षण करत असे, त्यामुळे जुन्या बुलेटवाल्यांना त्या बदलाची चिंता होती, तर झडपाच नसलेल्या जावा-राजदूतना त्याचे काही वाटले नाही. इथेनॉलची गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना आधार देणारे हे मिश्रण जून २०२२मध्ये देशभरात १० टक्क्यांवर आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतली ओल शोषते, जुने नैसर्गिक रबर आणि पेट्रोलच्या नळातले बुचाचे वायसर फुगवते, आणि त्याच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मिश्रण पातळ पडते. उपाय आहेत : नव्या रबराच्या नळ्या, एक आकडा मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवणे. खाडीकाठच्या खारट, ओल्या हवेत या शेवटच्या पथ्याला विशेष महत्त्व आहे. जूनपासून चार महिने इथे क्रोमवर पांढरे ठिपके उमटतात आणि उघड्या लोखंडावर पाहता पाहता गंज चढतो. त्यामुळे रंगकाम दसऱ्यानंतर काढायचे आणि पावसाळ्यात इंजिनाचे आतले काम करायचे, असा ऋतूंचा क्रम आपोआप पडला आहे. खंडेनवमीला पाने, पुलर आणि अर्धवट जोडलेले इंजिन एकाच पाटावर मांडून त्यांना झेंडूची फुले वाहिली जातात.

जागेची अडचण मात्र ऋतू पाहत नाही. संकुलातल्या वाहनतळावर एका सदनिकेला एक-दोन गाड्यांची जागा असते, सांडलेले तेल आणि इंजिनाचा आवाज यांवर शेजाऱ्यांचा आक्षेप रास्तच असतो, आणि कामाच्या जागेची सोय गृहनिर्माणाच्या आराखड्यात कुणी कधी विचारात घेतलेली नाही. म्हणून पुष्कळांचे इंजिन उद्वाहनातून वर जाते आणि गॅलरीतल्या फळीवर जोडले जाते. अधिक चिंतेची बाब गाळ्यांची आहे. वागळे इस्टेटमधल्या अनेक औद्योगिक भूखंडांवर आता कार्यालयांच्या इमारती आहेत. जे टर्नर उरले त्यांच्यापैकी बहुतेक साठीच्या पुढे गेले आहेत, आणि संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर शिकलेल्या त्यांच्या मुलांना पाचशे सारखे भाग बनवणे परवडते, एकच झिजलेला भाग वाचवणे परवडत नाही.

जोडणी संपल्यावर पहिले पाचशे-हजार किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी लागते. याला ‘रनिंग’ काढणे म्हणतात आणि या काळात पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर आपली जागा घासून घेतात. दोन-ठोकी गाडीला त्या काळात लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर वंगण घालतात, वेग मध्यम ठेवतात आणि चढण टाळतात. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावर ही गाडी मालमोटारी वाढण्याआधी, पहाटे, माजिवड्याकडून निघून कासारवडवली-ओवळ्यापर्यंत जाते आणि गायमुखचा चढ लागण्यापूर्वीच मागे वळते. परतल्यावर इंजिन लगेच बंद करून प्लग काढून पाहिला जातो. त्याच्या टोकाभोवतीची चिनीमाती काळी आणि ओली असेल तर पेट्रोल जास्त आहे, पांढरी फटक असेल तर हवा जास्त आहे आणि कुठेतरी सील किंवा पॅकिंग गळते आहे. भाजलेल्या विटेसारखा तपकिरी रंग आला असेल तर प्लग पुसून पुन्हा बसवतात आणि पुढच्या रविवारी गायमुखच्या थोडे अधिक जवळ जातात.